चिकटलेली दोन पानं

गर्वाचं घर खाली, हे मी शाळेत मुलांना पंचवीस वर्षं शिकवलं. स्वतःला लागू करायचं मात्र राहून गेलं. मला मधुमेह होऊन चौदा वर्षं झाली होती. डॉक्टर दरवेळी बजावायचे, "वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. नीट दिसत असलं तरी." मी मान डोलवायचे आणि घरी येऊन यजमानांना म्हणायचे, "रोज पोथी वाचते मी, तीही जुन्याच चष्म्याने. माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" दर गुरुवारी मुलुंडच्या आमच्या मठात अध्याय वाचायचा मान माझा असे. वाचून झालं की हातावर पेढा पडायचा. प्रसादाला नाही म्हणू नये, हा एक नियम मी अगदी निष्ठेने पाळला. पेढा खायचा आणि त्याच बोटांनी पोथी मिटून कापडात बांधायची, अशी माझी रीत.

उन्हाळ्यातल्या एका गुरुवारी एक अनोळखी बाई माझ्या अगदी शेजारी बसली. पंचेचाळिशीची असेल. मी वाचत होते आणि ती वाकून माझ्याच पोथीत बघत होती. मला राग आला, पण आवाज खणखणीत ठेवून मी अध्याय पुरा केला. आरती झाल्यावर ती जवळ सरकली.

"काकी, रागवू नका हां. मधे दोन पानं चिकटलीत, ती एकदम उलटली तुम्ही. पण मधलं सगळं म्हटलंत, एक ओळ चुकली नाही. समोर पान वेगळंच होतं ना!"

"पाठ आहे मला," मी तोऱ्यात म्हटलं.

"ते कळलं. मग हे वाचून दाखवा ना." तिने पोथीचं पहिलं पान काढलं. त्यावर पारायणाचे नियम छापलेले आहेत. ते काही मला पाठ नव्हते. मी अडखळत वाचू लागले. मग तिने हळूच माझ्या उजव्या डोळ्यावर तळहात धरला. डाव्या डोळ्यापुढे पानाच्या मधोमध राखाडी डाग होता आणि त्याच्या भोवतीच्या ओळी वाकड्या झाल्या होत्या. चांगला डोळा वाईट डोळ्याची झाकपाक करत होता आणि जीभ दोघांची.

तिचं नाव सुनंदा. साकीनाक्याच्या एका कारखान्यात शिवलेले कपडे तपासते. सुटा धागा, चुकलेला टाका पकडायचा हेच तिचं काम. "माझ्या दादाचं असंच झालं. दिसतंय ना, मग कशाला डॉक्टर, असं करत बसला आणि वाट लागली. उद्या अर्धी सुट्टी टाकते. तुमच्याबरोबर येते मी." घरी सांगायची मला लाज वाटत होती. तिचं आडनावसुद्धा मला माहीत नव्हतं, तरी मी हो म्हटलं.

दवाखान्यात बाहुल्या मोठ्या करायचं औषध डोळ्यांत घातलं आणि तासभर बसवून ठेवलं. सगळं धुरकट झालं. मनातल्या मनात अध्याय म्हणावा म्हणून सुरुवात केली, तर पाचव्या ओवीला अडले. भीतीने पुढचं आठवेचना. माझी चुळबूळ पाहून सुनंदाने कारण विचारलं. मी अडलेली ओवी सांगितली. मग तिने माझ्या पिशवीतून पोथी काढली आणि तिथून पुढे वाचू लागली, हळूहळू, कोकणी हेल काढत. मी रडले. इतकी वर्षं मी पोथी लोकांना ऐकवत होते, त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. मनात म्हटलं, महाराज, डोळे ठेवायचे की न्यायचे ते तुम्ही बघा, माझी मिजास संपली.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. साखरेने पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपत होत्या. डाव्या डोळ्यात मधोमध सूज होती आणि उजव्यातही सुरुवात झाली होती. "गेलेलं सगळं परत येईल असं मी सांगत नाही. उरलेलं राखता येईल. पण साखर आणि रक्तदाब तुम्ही सांभाळायचे." डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं ऐकूनच मी गार पडले होते, पण ते सोसवलं. पुढे लेझरही झालं. आता तपासणी चुकवत नाही. सगळं देवावर सोपवलं म्हणून आजवर टाळत आले, ती काही भक्ती नव्हती, आळस होता. पेढा कपाळाला लावते आणि यजमानांच्या हातावर ठेवते.

मठातल्या बायका म्हणतात, गुरूच सुनंदाच्या रूपाने आले. मी वाद घालत नाही. एवढंच सांगते की दर रविवारी त्यांचा फोन येतो, "काकी, साखर किती? खरं सांगा हां!" आणि मी खरं सांगते.

ती दोन पानं मी सुरीच्या पात्याने जपून सोडवली. माझ्याच पेढ्यांनी चिकटली होती. तरी दहा-बारा अक्षरं निघून आलीच. डाव्या डोळ्यातला डागही थोडा राहिला आहे. आता मी शब्दाखाली बोट धरून वाचते, आवाज पूर्वीसारखा लागत नाही. त्या फाटक्या जागी आलं की बोट थांबतं, आणि उरलेल्यासाठी हात आपोआप जोडले जातात. तेवढी अक्षरं मी पाठ म्हणते. बाकीची वाचते.