तेरा दिवसांचं पाणी

परसात पोहण्याचा तलाव बांधायचं मी ठरवलं तेव्हा देवळाच्या पारावर एकाने चारचौघांत विचारलं, "काय वो भाऊ, समुद्र परगावी गेला काय?" सगळे हसले, मीही हसलो. समुद्र आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. पण मेहुण्याने पुण्यात बंगल्यामागे तलाव बांधला होता, त्याच्या काठावर बसवून मला सरबत पाजलं होतं, आणि त्या वर्षी आमचा आंबा बरा गेला होता. कारण एवढंच. मुंबईच्या पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या आहेत, असं मी लोकांना सांगत असे. ते खोटं होतं.

ही १९९९च्या उन्हाळ्यातली गोष्ट. काम मी ज्याला दिलं त्याला सगळे मेस्त्री म्हणत, मीही तेच लिहितो. आमच्याकडे कातळावरच्या प्रत्येक बागेत पाण्याची सिमेंटची टाकी असते. आमच्या पंचक्रोशीतल्या बहुतेक टाक्या त्याने बांधलेल्या. 'मेस्त्रीची टाकी गळत नाही' हे वाक्य लोक बाजारभाव सांगावा तसं सांगत. त्याच्याकडे दुसरी मालमत्ता नव्हती.

त्याने आधी नाही म्हटलं. "टाकीत पाणी गप उभं असतं, भाऊ. ह्यात माणसं नाचणार. मी असलं केलेलं नाय."

"घाबरलास होय?" मी म्हटलं. "मोठी टाकीच रे ती."

घाबरलास म्हटल्यावर तो तयार झाला. तो होईल हे मला माहीत होतं.

कामात उशीर झाला, आणि तो त्याच्यामुळे झाला. वाळूचा ट्रक आला की तो चिमूटभर वाळू जिभेवर ठेवायचा, थांबायचा आणि थुंकायचा. खारट लागली तर म्हणायचा, खाडीची आहे, ही लोखंड खाते, परत न्या. असे दोन ट्रक त्याने माझ्यादेखत परत पाठवले. कातळ फोडायला एक महिना लागला, वर वाळूसाठी तीन आठवडे खोळंबा. चैत्र निघून गेला. मेहुणा फोन करून विचारायचा, "काय, विहीर खणताय की तलाव?" मी तो राग मेस्त्रीवर काढायचो. त्याचा जेवणाचा डबा उघडा असताना त्याला हाक मारायचो. तो हात धुऊन यायचा.

तळ आणि भिंती भरायचा दिवस वैशाखात उजाडला. मिक्सर सकाळपासून फिरत होता. दुपारी त्याच्या वाडीतून निरोप आला की आईचं काही खरं नाही, ताबडतोब ये. वाळूचा शेवटचा ट्रक तेव्हा फाटकातून आत शिरत होता. मेस्त्री क्षणभर ट्रककडे बघत उभा राहिला, मग गड्यांना काय ते सांगून सायकलवर बसला. संध्याकाळपर्यंत भराई पुरी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "भाऊ, आई गेली." मी दोन शब्द बोललो. मग तो म्हणाला, "मी एकटाच मुलगा. तेरा दिवस माझ्याच्याने घर सोडवायचं नाय. गड्यांना दुसरीकडे लावलंय, तिकडे आता पाणी मारण्याशिवाय काम नाय. तेवढं पाणी तुटू देऊ नका, भाऊ. दिवसातनं चार वेळा. भिंतीवरची गोणपाटं सुकता कामा नयेत."

"तू निश्चिंत राहा," मी म्हटलं. "तिकडचं बघ."

कोणाला समजावून सांगायचं तर, ओतलेलं काँक्रीट पहिले काही दिवस ओलं ठेवावं लागतं. आमच्या उन्हात आणि आमच्या कातळावर तर फारच. सुकलं तर ते आखडतं आणि तडकतं. हे मला पुस्तकातून कळायची गरज नव्हती. बागेत तीन टाक्या माझ्यासमोर बांधल्या गेल्या होत्या.

दोन दिवस मी पाणी मारलं. तिसऱ्या दिवशी विहिरीवरचा पंप पाऊण तासात हवा ओढायला लागला. मागच्या पावसाळ्यात लावलेली साठ कलमं माना टाकत होती. पाणी एकाच ठिकाणी पुरणार होतं. मी पाइप उचलून कलमांकडे नेला. टँकर मागवता आला असता, मी मागवला नाही. इतका विचार तरी कशाला केला म्हणायचा, एक पाइप उचलून पंधरा पावलं चाललो, झालं.

बायको मागच्या दारात उभी होती. "अहो, तिकडे मारायचं होतं ना? सुतकातल्या माणसाला शब्द दिलायत."

"तुला बांधकामातलं काय कळतं?" मी म्हटलं.

पाचव्या दिवशी तळावर केसासारख्या रेघा दिसल्या. एक रेघ तळातून भिंतीवर चढली होती. मी बोट फिरवून पाहिलं. त्यानंतर आठवडाभर मी तिकडे फिरकलो नाही. बाराव्या दिवशी मी घमेल्यात सिमेंट कालवलं, ब्रशने सगळ्या रेघांवर फिरवलं, आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गोणपाटं भिजवून पुन्हा भिंतींवर टाकली.

मेस्त्री आला तो डोकं भादरलेला. शिडीवरून खाली उतरला, ओल्या गोणपाटावर हात फिरवला, भिंतीवर थाप मारली. वर बघून त्याने मला हात जोडले. "स्वतःच्या पोरासारखं सांभाळलंत, भाऊ. माझी आई गेली त्यात मला ह्याची काळजी खात होती." मी त्याला चहा दिला.

मग गिलावा झाला, निळ्या फरश्या बसल्या आणि पाऊस लागला. तलाव पावसानेच भरला. चार महिने रोज वरून पडत होतं, तेव्हा खालून किती जातंय हे कळायला मार्ग नव्हता. गणपतीला मेहुणा सहकुटुंब आला, पोरांनी भर पावसात उड्या मारल्या. मेहुणा म्हणाला, "आमच्यापेक्षा लांब केलात की हो!" त्या एका वाक्यासाठी हे सगळं केलं होतं.

पाऊस थांबला आणि पाणी रोज चार बोटं उतरायला लागलं. दिवाळीला तळाच्या फरश्या उघड्या पडल्या. पारावरचा तोच माणूस म्हणाला, "भाऊ, तुमचा तलाव कार्तिकाचे उपास धरतो काय?"

मी मेस्त्रीला बोलावून घेतलं.

तो तीनदा आला. पहिल्यांदा सांधे उकरून भरले. दुसऱ्यांदा निम्म्या फरश्या काढून गिलावा नव्याने केला, वॉटरप्रूफिंगवाला आणला, सगळं स्वतःच्या खिशातून. मी काठावर खुर्ची टाकून बसायचो आणि वरून बोलायचो. कोणी आलं-गेलं की त्यांनाही काठावर बोलवायचो. "या, या, न गळणारी टाकी बघा." खाली छिन्नीचा आवाज एक क्षण थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. मला वाटतं, तो जितका खाली वाकत गेला तितकं मला खरंच वाटायला लागलं की चूक त्याची आहे. नाही, असंही नाही. वाटत काही नव्हतं. मला ते आवडत होतं.

बायकोने एकदा जेवताना विचारलं, "ते पाणी तोडलंत म्हणून तर नसेल?"

"ह्या घरात हा विषय पुन्हा काढायचा नाही," मी म्हटलं. तिने काढला नाही.

तिसऱ्या खेपेला मेस्त्री शिडी चढून वर आला आणि खुर्चीपाशी उकिडवा बसला. "भाऊ, एक मनात आहे ते सांगतो. त्या दिवशी शेवटच्या ट्रकची वाळू मी चाखली नाय. आईचा निरोप आला नि तसाच गेलो. गोडीच असेल म्हणा. पण शपथेवर सांगू शकत नाय. रात्रंदिवस तेच डोक्यात फिरतंय."

तो ट्रक खाडीचा नव्हता. माल उतरवताना मी त्या ट्रकवाल्याशी बोललो होतो. त्याने नदीचं नाव सांगितलं होतं.

मी म्हटलं, "म्हणजे आई मरायला टेकली आणि तुझं कामातलं लक्ष उडालं. त्याची किंमत मी मोजतोय."

आयुष्यात कोणाला इतकं वाईट मी बोललो नाही. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "खरं आहे."

एवढ्यावर मी थांबलो असतो तरी त्याचं निभावलं असतं. पण गावदेवीच्या देवळाला नवी टाकी बांधायची होती आणि मी देवळाचा विश्वस्त. माघातल्या सभेत सगळ्यांनी मेस्त्रीचंच नाव घेतलं. तोही आला होता, मागे खांबाला टेकून बसला होता. मी उठून म्हटलं, हरकत नाही, पण माझ्याकडे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, काम देवीचं आहे. मेस्त्रीने देवीसमोर नारळ उचलून सांगावं की माझ्या कामातली सगळी वाळू त्याने पारखून घातली होती. एवढं सांगितलं की माझी तक्रार संपली.

नारळ उचलणं म्हणजे काय ते आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. खोटा नारळ उचलणारा स्वतःच्या घरादारावर संकट ओढवून घेतो. आणि मला नक्की माहीत होतं की तो खोटं बोलणार नाही.

तो पुढे आला. पुजाऱ्याने नारळ दिला. त्याने तो दोन्ही हातांत धरला, खाली ठेवला आणि सभेकडे वळला. "एक ट्रक मी बघितला नव्हता," तो म्हणाला. "भाऊंची ह्यात काही चूक नाय. पाणी त्यांनी स्वतः मारलंय, मी गोणपाटाला हात लावून बघितलंय. मग राहिली ती वाळूच."

मी तिथे बसून होतो. नारळ त्याच्या पायाशी होता. तो मला कोणी उचलायला सांगितला नाही.

देवळाची टाकी घाटावरच्या एका ठेकेदाराने बांधली. मेस्त्रीला त्यानंतर कोणी टाकी दिली नाही. पहिल्यांदा लोक म्हणायचे, 'यंदा नाही, पुढच्या वर्षी बघू.' मग तेही म्हणेनासे झाले. तो रोजावर चिऱ्याच्या गडग्यांचं, म्हणजे दगडी कुंपणांचं, काम करायला लागला. ज्यांना त्याने शिकवलं होतं त्यांच्या हाताखाली.

नऊ वर्षं मी काही केलं नाही. मग बायकोचं मोठं आजारपण झालं. शुद्धीवर आल्यावर ती म्हणाली, "मी गेले असते तर ते मेस्त्रीचं माझ्याबरोबर गेलं असतं. तुम्हाला बरंच झालं असतं." त्या आठवड्यात मी हातखंब्याला गेलो. तिथे हायवेलगत एका हॉटेलच्या कुंपणाचं काम चालू होतं, त्यावर तो होता.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्याने हातातला चिरा बसवला, थापीच्या मुठीने ठोकला आणि विचारलं, "कितव्या दिवशी तोडलंत?"

"तिसऱ्या."

"म्हंजे रेघा पाचव्याला आल्या असतील."

"हो. पाचव्याला."

"आणि वाळू?"

"नदीची होती. मला माहीत होतं."

त्याने थापी घमेल्यात टाकली. मग म्हणाला, "भाऊ, मी आईला बोललोय. वर्षश्राद्धाला पान वाढताना तिला म्हटलं, एक दिवस थांबली असतीस तर काय बिघडलं असतं. दर वर्षी म्हटलं. मेलेल्या माणसाला बोल लावला मी."

त्याने पुन्हा थापी उचलली.

"सभेत सांगाल?" त्याने विचारलं.

"त्या सभेतली निम्मी माणसं आता नाहीत, मेस्त्री."

"निम्मी आहेत ना."

पुढच्या सभेला निघताना बायको म्हणाली, "मी येते. मी डोळ्यांनी पाहिलंय, मी सांगीन." मी म्हटलं, बायका त्या सभेला येत नाहीत, उगाच चर्चा होईल. एकटा गेलो. सगळे विषय संपल्यावर उभा राहिलो आणि सांगितलं, की पाणी मी तोडलं, रेघा मी बुजवल्या, वाळू चांगली होती, मेस्त्रीचा दोष नव्हता. जेवढं इथे लिहिलंय तेवढं नाही, पण मुद्द्याचं सगळं सांगितलं.

 मग सभेतले सगळ्यात वृद्ध गृहस्थ म्हणाले, "भाऊंचं मन मोठं. गरिबाचे हाल बघवत नाहीत म्हणून दोष स्वतःच्या अंगावर घेतायत. असं आज कोण करतं?"

दोघातिघांनी माना डोलावल्या. "तसं नाही हो," मी म्हटलं. "तुम्ही तसंच म्हणणार," ते म्हणाले, आणि माणसं कौतुकाने हसली. चिटणीसांनी विचारलं, "इतिवृत्तात काय घालू?" वृद्ध गृहस्थांनी सांगितलं, "घाला, भाऊंनी उदार मनाने जुना वाद मिटवला." वही माझ्यापुढे आली. मी खाली सही केली. नंतर चहा होता, तोही घेतला.

दोन दिवसांनी हातखंब्याला गेलो. कुंपण कमरेइतकं वर आलं होतं आणि पुढच्या तुकड्याच्या आखणीची दोरी जमिनीलगत ताणलेली होती. मला बघून मेस्त्रीने काम थांबवलं नाही.

"ऐकलं," तो म्हणाला. "तुमचं मन मोठं आहे म्हणतात."

"मी सगळं सांगितलं, मेस्त्री. त्यांनी मानलं नाही. मी निदान सही करायला नको होती."

त्याचा हात थांबला. "सही केलीत?"

हे त्याच्या कानावर गेलेलं नव्हतं. मी हो म्हटलं. त्याने पुढचा चिरा उचलून मांडीवर घेतला, त्याची एक कड तासली आणि माझ्या पायांकडे बघत म्हणाला, "जरा बाजूला व्हा. दोरीवर उभे आहात."