डावा कोपरा

हारूनशेठने महादूसाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती. महादू तिच्यावर पाच मिनिटं बसला आणि उठून मागे मातीच्या बांधावर, लोकांत जाऊन बसला. पुढून मैदान नीट दिसत नाही, असं त्याने सांगितलं. खरं म्हणजे पुढच्या रांगेतल्या माणसाकडे लोक बघतात, आणि आज आपल्याकडे कोणी बघू नये असं त्याला वाटत होतं.

सामना संपल्यावर त्याच्या धाकट्या भावाचा, भागोजीचा सत्कार होता. हारूनशेठच्या महाडच्या कबड्डी संघात येऊन भागोजीला जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि या मोसमात त्याच्या शंभर पकडी पुऱ्या झाल्या होत्या. तेही बेचाळिसाव्या वर्षी. शाल कोणाच्या हातून घालायची, एखादा पुढारी बोलावू का, असं हारूनशेठने विचारलं तेव्हा भागोजी म्हणाला, "पुढारी कशाला? माझा दादा येईल."

हा निरोप आल्यापासून आठ दिवस महादूला अन्न गोड लागलं नव्हतं. एक गोष्ट एकवीस वर्षं त्याच्या पोटात होती. ती तशीच ठेवून भावाच्या खांद्यावर शाल घालायची, की आधी सांगून टाकायची, हे काही केल्या ठरत नव्हतं.

पोलादपूरच्या पुढे, कशेडी घाटाच्या पायथ्याशी त्यांची वाडी. बाप गेला तेव्हा महादू पंधरा वर्षांचा आणि भागोजी सहाचा. महादूने त्याला शाळेत घातलं, तापात खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं, आणि भात कापून शेतं मोकळी झाली की कबड्डीच्या मैदानात उतरवलं. वाडीचं झोलाई क्रीडा मंडळ होतं. महादू त्याचा कॅप्टन, आणि डावा कोपरा त्याचा. चढाई करणारा गडी रेघ ओलांडून आत येतो, पाय टाकतो, आणि त्याच क्षणी कोपऱ्यातल्या माणसाने त्याचा घोटा धरायचा असतो. धरला तर वाहवा, सुटला तर सगळी शोभा त्याचीच. कोपऱ्याशेजारी, महादूचा हात धरून, भागोजी उभा राहायचा.

भागोजी बुटका आणि रुंद. हातात धरलेलं सुटायचं नाही. दम मात्र तोकडा. अशा माणसाला चढाईला कोणी पाठवत नाही, पण वाडीत चढाईला गडीच नव्हता, म्हणून महादू त्यालाच पाठवायचा. तो जायचा आणि बहुतेक वेळा समोरच्यांच्या हातात सापडायचा. "भागोजी गेला म्हंजे एक गडी कमी धरा," असं लोक म्हणायचे. भागोजीची बायको साळूबाई लग्न होऊन आली त्या वर्षी तिने पहिल्याच सामन्यात हे ऐकलं आणि मान खाली घातली. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "तुमी दुसरीकडं कुठं उभं का नाय ऱ्हात?" भागोजी हसला. "दादा सांगंल तिथं."

त्याच साली पाचाडला सामने झाले. जिल्ह्याच्या निवड समितीतले एक साहेब आले होते. संध्याकाळी पाण्याच्या पिंपाजवळ त्यांनी महादूला गाठलं. "तुझा भाऊ चढाईचा गडी नाही रे. हात बघितलेस का त्याचे? उद्या त्याला डाव्या कोपऱ्यात खेळव. मला बघायचाय."

महादू "हो साहेब" म्हणाला. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. जिल्ह्याच्या संघात जायची त्याची ती शेवटची संधी होती, आणि आपल्याला निवडतील ते त्या डाव्या कोपऱ्यातूनच, हे त्याला ठाऊक होतं. रात्रभर, संघ उतरला होता त्या शाळेच्या ओट्यावर तो जागा राहिला. सकाळी त्याने भागोजीला काहीच सांगितलं नाही. कोपऱ्यात स्वतः उभा राहिला आणि भागोजीला चढाईला पाठवलं. भागोजी चारदा गेला आणि चारदा पकडला गेला. साहेब दुपारच्या आत उठून गेले.

निवड महादूचीही झाली नाही. त्या वर्षी निवडलेल्या दोघांना पुढे खेळाडू म्हणून पोलिसात घेतलं. भागोजी त्याच पावसाळ्यात महाडला केमिकलच्या कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून लागला. अकरा वर्षं त्याने ते काम केलं, खोकला घेऊन बाहेर पडला आणि हारूनशेठच्या टेम्पोवर ड्रायव्हर झाला.

महादू स्वतःला सांगत राहिला की पुढच्या वर्षी त्याला कोपरा देऊ. पण पुढच्या वर्षी त्याला तिथे उभं केलं असतं आणि त्याने तिथे कमाल केली असती, तर गेल्या वर्षी का नाही, असं लोकांनी विचारलं असतं. एकोणचाळिसाव्या वर्षी गुडघे गेले तेव्हाही त्याने तो कोपरा भागोजीला दिला नाही, वाडीतल्या चांगूच्या पोराला दिला. पोरगा नवा होता, भागोजीच त्याला पाय कुठे रोवायचा ते दाखवत बसला.

मग वाडीतली पोरं मुंबईला, सुरतेला गेली आणि सात गडी जमेनात. मंडळ बंद पडलं. दोन वर्षांपूर्वी हारूनशेठच्या संघातल्या कोपऱ्यातल्या गड्याचा घोटा मोडला आणि माणूस मिळेना, तेव्हा त्याने आपल्याच ड्रायव्हरला विचारलं, "भागोजी, तू खेळायचास ना? कुठं?"

"चढाईला."

"चढाईला पोरं हायत आमच्याकडं. कोपऱ्यात नुसता उभा ऱ्हा."

भागोजी उभा राहिला. पहिल्याच सामन्यात त्याने सहा पकडी केल्या. संघात कायम घ्यायला वाडीच्या मंडळाकडून ना हरकत दाखला लागत होता, आणि मंडळ कागदावर अजून होतं. अध्यक्ष म्हणून महादूनेच त्यावर सही केली. सही करण्याआधी त्याने तो कागद दोनदा वाचला; भागोजीला वाटलं, दादाला मंडळाचं वाईट वाटतंय.

आता बांधावर महादूच्या शेजारी मोबाइलचं दुकान चालवणारा इम्रान बसला होता, आणि त्याच्या पलीकडे शाळेतून निवृत्त झालेले सुहास गुरुजी. हे दोघे संघाचा एकही सामना चुकवत नाहीत. पुढे हारूनशेठची आई नुरजहाँ खुर्चीत बसून ओरडत होती, "भागोजी, सोडू नको रे त्याला! जेवला नाय काय आज?" आणि मैदानातून भागोजी तिला हात करून दाखवत होता, की जेवलोय.

शेवटची दोन मिनिटं राहिली. महाडचे तीनच गडी आत होते. समोरचा उंच पोरगा चढाईला आला.

"आता बघा," इम्रान महादूच्या मांडीवर थाप मारून म्हणाला. "आता म्हातारा अर्धं पाऊल मागं सरंल. घाबरल्यासारखं करंल. बघा, बघा!"

भागोजी अर्धं पाऊल मागे सरला. पोराने मोकळी जागा बघून पाय टाकला, आणि तो पाय परत गेलाच नाही. भागोजीने घोटा धरला होता, आणि बाकीचे दोघे येऊन पडेपर्यंत पोरगा जागचा हलला नव्हता. मैदान उठून उभं राहिलं. तिघांतच धरला म्हणून अव्वल पकड, दोन गुण. नुरजहाँच्या टाळ्या सगळ्यांच्या नंतर थांबल्या.

अर्धं पाऊल मागे सरायची ती युक्ती महादूची होती. पण महादू तसा सरायचा तेव्हा समोरच्याला ती कळायची. भागोजीची कळत नव्हती. इतकी वर्षं त्याचा हात हातात धरून उभा राहिलेल्या भावाने ते बघून ठेवलं होतं आणि त्याच्याहून चांगलं केलं होतं.

"हा माणूस वीस वर्षं होता कुठं?" सुहास गुरुजी टाळ्या वाजवत म्हणाले.

"पोलादपूरला. कुठल्या तरी वाडीच्या संघात."

"मग तिथल्या लोकांना डोळे नव्हते काय? कॅप्टन कोण होता त्यांचा?"

"असंल कोणीतरी येडा," इम्रान हसत म्हणाला. "चढाईला पाठवायचा म्हणं याला. याला! हत्तीला झाडावर चढवल्यासारखं."

महादू वाकून चपलेचा पट्टा लावत बसला. तो आधीच लागलेला होता.

सामना महाडने जिंकला. टेबल पुढे आणलं, हार आले, आणि हारूनशेठने माइकवर महादूचं नाव घेतलं. बांधावरून उठणाऱ्या माणसाकडे बघून इम्रानचं तोंड उघडंच राहिलं. महादूने शाल घातली. भागोजी त्याच्या पाया पडायला वाकला, तर गुडघ्याला पट्टी असल्यामुळे त्याला नीट वाकता येईना, आणि लोक त्यावरही टाळ्या वाजवू लागले.

"दोन शब्द!" कोणीतरी ओरडलं. "असा कोपरा घडवला कसा ते सांगा!"

हारूनशेठने माइक महादूच्या हातात दिला.

"मी काय नाय शिकवलं त्याला," महादू म्हणाला.

टाळ्या झाल्या. माणूस किती नम्र, असं लोकांच्या तोंडावर दिसत होतं.

"मी त्याला कोपऱ्यात कधी उभाच नाय केला. त्याची जागा… मी धरून ठेवलेली."

लोक हसले, आणखी टाळ्या पडल्या. "वा चाचा!" मागून पोरं ओरडली. नुरजहाँ मान डोलवत होती. सगळ्या मैदानात एकटा भागोजी हसत नव्हता. दादाचा आवाज त्याला माहीत होता.

फोटोच्या गडबडीत तो महादूला मंडपामागे घेऊन गेला. "काय झालेलं रे दादा?"

महादूने सांगितलं. पिंप, साहेब, त्यांचे शब्द, सकाळ. काही वगळलं नाही आणि काही झाकायचा प्रयत्न केला नाही. बोलताना त्याला आशा होती की भागोजी मध्येच थांबवेल, जाऊ दे म्हणेल. भागोजीने पूर्ण ऐकून घेतलं.

"त्या वर्षाचं सोड," तो म्हणाला. "एका वर्षाचं काय एवढं नाय. पण तू दुसऱ्या वर्षी सांगितलं असतंस, तरी मी चोवीस-पंचवीसचा नव्हतो झालो. तिसऱ्या वर्षी सांगितलं असतंस तरी चाललं असतं."

"व्हय."

"मला वाटायचं, माझ्यातच काय तरी कमी हाय. दर सामन्याला वाटायचं. साळूला पण तेच वाटायचं. आणि सांगायचंच नव्हतं, तर मग आज तरी कशाला सांगितलंस?"

शाल घालताना ओझं आपल्या खांद्यावरून उतरावं एवढंच महादूने बघितलं होतं. ते कोणाच्या खांद्यावर जाईल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

पोरं भागोजीला हाका मारत आली. त्याने शाल सारखी केली आणि त्यांच्याबरोबर गेला. जाताना बायकोला म्हणाला, "साळू, दादाला एसटीत बसवून ये."

साळूबाई नव्या साडीत होती आणि बाजारातून जाताना भेटेल त्याला थांबून सांगत होती, "हे आमचे मोठे दीर." तिला काही माहीत नव्हतं. "आठ दिवस नुसतं दादा येणार, दादा येणार. टेम्पोवर पण तेच. हारूनशेठ बोलले, अरे तुझा दादा काय मंत्री हाय? आणि तुमी बोललात पण किती चांगलं! लोक माझ्याकडं बघत होते. इतकी वर्षं मैदानावर मान खाली घालून बसायची मी, आज पहिल्यांदा…" पदराने डोळे पुसून ती हसली.

स्टँडवर पोलादपूरची गाडी लागलेली होती. महादू खिडकीशी बसला.

"पुढल्या रविवारी फायनल हाय," ती खालून म्हणाली. "सकाळीच या. जेवायलाच या."

"भागोजीनं बोलावलं तर येईन."

"आता गो बाई!" साळूबाई मोठ्याने हसली. "तुमाला बोलवायला तुमी काय पाव्हणे हाव?"

कंडक्टरने घंटी मारली. ती हसत उभी होती, आणि महादू तिच्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत राहिला.