बसणं, बघणं आणि नऊ किलो

सोमवार, १० फेब्रुवारी. सकाळी अकरा. पेणमधला दवाखाना.
हजर : मी, वय बावन्न. माझी पत्नी सुलभा. डॉक्टर मॅडम. टेबलावर माझी सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट.

मॅडमनी रिपोर्ट वाचला आणि विचारलं, "दारू घेता का?"

"नाही," मी म्हणालो. "शनिवारी बसतो."

मॅडमचं पेन थांबलं. "बसता म्हणजे?"

"मित्राबरोबर. थोडी."

"थोडी म्हणजे किती?"

"दोघांत एक."

"एक काय? पेग?"

सुलभा म्हणाली, "खंबा, मॅडम. दोघांत अख्खी बाटली. आणि बुधवारी शिफ्ट सुटली की एक क्वार्टर, तो बसण्यात धरत नाहीत. तो उभ्यानं होतो."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी आकडा लिहून घेतला आणि पुढे विचारलं, "सकाळी हात थरथरतात का? एखादा दिवस नाही घेतली तर घाम, झोप न लागणं?" मी नाही म्हणालो आणि ते खरं होतं. रोज घेणाऱ्यानं एकदम बंद करणं धोक्याचं असतं, ते डॉक्टरला विचारूनच करायचं, असं त्यांनी सांगितलं. म्हणून ही गोष्ट इथे आधीच लिहितो.

मग निदान. ग्रेड टू फॅटी लिव्हर. म्हणजे यकृतात चरबी साठली आहे आणि प्रमाण मधलं आहे. एसजीपीटी एकशे बारा. हे यकृताच्या पेशींमधलं एक द्रव्य आहे. पेशींना इजा झाली की रक्तात वाढतं. माझं नेहमीच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त होतं. वजन एक्क्याण्णव किलो, उंची पाच फूट सहा इंच.

"पण ही चरबी किती दिवसांची आहे आणि तिनं काय केलंय ते सोनोग्राफी सांगत नाही," मॅडम म्हणाल्या. "त्यासाठी फायब्रोस्कॅन करा."

आता मागचं. मी रोह्याजवळच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. पेणच्या रामवाडीत घर, सकाळच्या गाडीनं रोहा, संध्याकाळी परत. पंचवीस वर्षं माझं काम एकच : किती आलं, किती गेलं, फळीवर किती उरलं. घरीही तसंच. गॅस कधी लावला, पाण्याची टाकी कधी धुतली, सगळ्याची वही आहे.

कंपनीच्या वार्षिक तपासणीत एसजीपीटी वाढल्याचं आदल्या वर्षीच्या जुलैतच कळलं होतं. कागदावर लिहिलं होतं : डॉक्टरला भेटा. मी तो कागद पंच करून तारखेप्रमाणे फायलीत लावला. सात महिने तो तिथे अगदी व्यवस्थित राहिला.

त्या सात महिन्यांत रोहा स्टेशनचा पूल चढताना मधे थांबावं लागायला लागलं. दुपारी जेवल्यावर रजिस्टरवर डोकं टेकावंसं वाटायचं. उजव्या बरगडीखाली काहीतरी ठेवल्यासारखं जड वाटायचं. मी ते वयावर टाकलं.

फायब्रोस्कॅन पनवेलला झाला. तीन तास पोट रिकामं ठेवायचं. आडवं व्हायचं, उजवा हात डोक्याखाली. बरगडीवर यंत्र टेकवून टिचक्या मारल्यासारखं करतात. दुखत नाही. दहा मिनिटं लागतात, बाहेर दीड तास बसावं लागतं. बाकावर माझ्या शेजारी एक पंचविशीतली मुलगी होती, दारूचा थेंब न घेणारी. फॅटी लिव्हर नुसत्या खाण्यानंही होतं, हे मला त्या बाकावर कळलं.

यकृताच्या घट्टपणाचा आकडा आला नऊ पूर्णांक आठ. तो सातच्या आत हवा.

मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. यकृत मऊ असतं. त्याला पुन्हा पुन्हा इजा झाली की आत व्रण धरतात, ते घट्ट होऊ लागतं. त्याला फायब्रोसिस म्हणतात. तेच पुढे गेलं की सिरॉसिस, म्हणजे यकृत कडक, आक्रसलेलं; तिथून ते बहुधा परत फिरत नाही.

"तुम्ही मधल्या पायरीवर आहात," त्या म्हणाल्या. "इथून खाली येता येतं. सहा महिने देते. दारू शून्य, वजन नऊ किलो कमी. यासाठी माझ्याकडे दुसरं औषध नाही."

घरी आल्यावर सुलभा म्हणाली, "वही घ्या."

वहीत आधीचं जेवण लिहिलं. सकाळी पोहे, चहा दोन. दुपारी डब्यात तांदळाच्या तीन भाकऱ्या, भाजी, वर भात. रात्री पुन्हा भात, आमटी, मासळी तळलेली, पापड दोन. दोन दिवसांनी मॅडमनी ते पाहून फार काही काढलं नाही. भाकरी एक, तीही आलटूनपालटून नाचणीची. भात एक वाटी, चेपून न भरलेली. ताटात आधी भाजी आणि काकडी, मग बाकीचं. मासळी कालवणातली, तळलेली नको. वालाची उसळ चालेल, वरचं खोबरं निम्मं. साखरेचा चहा बंद. रोज पाऊण तास चालणं. आणि एक नियम : ताट एकदाच वाढून घ्यायचं.

शेवटचा नियम आमच्याकडे सगळ्यात अवघड. आमच्या घरात "पुरे" म्हटलं की अर्धी भाकरी येते, "नको" म्हटलं की पाव.

मी सगळं पाळलं. दारू बंद केली. सकाळी जिते गावाच्या दिशेनं चालून यायचो. रोज तीन वेळचं जेवण वहीत, वाटीच्या मापानं.

सहा आठवड्यांनी वजन केलं. सातशे ग्रॅम कमी.

मला वाटलं, काटा चुकतोय. दुसऱ्या काट्यावर गेलो, तिथे सहाशे. त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. सगळं करूनही यकृत ऐकणार नसेल तर पुढे काय, हा प्रश्न वहीत कुठे लिहायचा ते कळेना.

स्टोअरमध्ये वही आणि फळी जुळली नाही की एकच इलाज असतो, हातानं मोजणी. वही मिटायची आणि प्रत्यक्ष माल मोजायचा. मी सुलभाला सांगितलं, "आठवडाभर तू लिही. माझ्या तोंडात जे जाईल ते. मला दाखवू नकोस."

रविवारी तिनं कागद पुढे ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

मार्च संपत आला होता. सुलभा आणि तिच्या दोन मैत्रिणी उन्हाळाभर पोह्याचे पापड करतात. पीठ मळलं की त्याच्या छोट्या गोळ्या करतात, त्या लाट्या. कच्च्या तेलात बुडवून खायला त्यांच्यासारखं काही नाही. पीठ झालं की सुलभा हाक मारायची, "अहो, मीठ बघा." मी मीठ बघायचो. मग तिखट बघायचो. कागदावर आठवड्याच्या लाट्या होत्या साठ. तेलासकट. माझ्या वहीत एकही नव्हती, कारण चव बघणं म्हणजे काही खाणं नव्हे.

त्याखाली शनिवार. शनिवारचा मित्र म्हणजे वामन. जोहे गावात त्याचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. दारू बंद झाली तरी मी बसायला जात होतो. तो ग्लास भरायचा, मी सोडा घ्यायचो. हातांना काम नाही म्हणून शेंगदाणे, फरसाण, तळलेले बोंबील. सुलभानं त्या शनिवारी वामनला फोन करून विचारलं होतं. कागदावर लिहिलं होतं : चाखणा दोघांचा, खाल्ला एकट्यानं. चाखणाही जेवण नव्हे, म्हणून वहीत नव्हता.

आमच्या स्टोअरमधून तपासणीसाठी नमुना जातो तेव्हाही चिठ्ठी फाडावी लागते, हे मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतो.

मी स्वयंपाकघरात गेलो. सुलभा पिठाच्या परातीकडे पाठ करून उभी होती. "मीच देत होते," ती म्हणाली. "रोज हाक मारून."

"मागत मी होतो."

"आता मीठ कोण बघणार?"

"तू बघ. अर्धी."

"मी बघितलं की मला खारटच लागतं," ती म्हणाली आणि मग दोघंही हसलो. तेव्हापासून शेजारच्या काकी मीठ बघतात. त्या पंचेचाळीस किलोच्या आहेत.

वामनला सांगणं अवघड होतं. अठरा वर्षं आम्ही बसत होतो. मी सांगितलं, संध्याकाळी नाही येणार, रविवारी सकाळी येईन.

"सकाली काय करशील?" तो म्हणाला. "पेज पिशील?"

"चहा. बिनसाखरेचा."

"मंग मयतावर रडायला येतो, सांग ना तसं."

पण मी गेलो की तो चहा टाकायचा. मी साच्यातून निघालेल्या मूर्तींना घासकागद मारत बसायचो. हातांना काम मिळालं. चाळीस-पन्नास मूर्ती घासल्या की दोन तास जायचे.

एप्रिलपासून काटा हलला. महिन्याला दीड-दोन किलो. वहीत चौथा रकाना आला : बघितलेलं. मे महिन्यात एकदा घसरलो, तेही लिहितो. जित्याला सुलभाच्या भाच्याची हळद होती. हळदीला आमच्याकडे कोरडा माणूस म्हणजे अपशकुनच. तिसऱ्यांदा हातात ग्लास आला तेव्हा घेतला, मग दुसराही. पुढच्या भेटीत मॅडमसमोर वही ठेवली. त्यांनी ती ओळ वाचली आणि एवढंच विचारलं, "पुढची हळद कधी आहे?" दोन होत्या. त्या दोन्हींना आम्ही दुपारी जेवायला गेलो आणि उजेडात परतलो.

ज्यांच्या घरी हे चालू असेल त्यांना माझं सांगणं एवढंच आहे. ओरडू नका, लपवू नका, लिहा. आणि लिहिणारा दुसरा असू द्या.

जुलैत वामन मूर्तीला रंग देताना माझ्याकडे बघत राहिला. त्याची नजर पोटावर. आयुष्यभर पोटं घडवलेला माणूस. जवळ येऊन त्यानं माझ्या पट्ट्यावर हात आडवा धरला.

"चार बोटं गेली रे," तो म्हणाला. "मला वाटलं, तू नुसता वहीत बारीक होतोस."

ऑगस्टमध्ये दुसरा फायब्रोस्कॅन. तोच बाक, दीड तास. आकडा सात पूर्णांक एक. वजन त्र्याऐंशी किलो दोनशे ग्रॅम. नऊ किलो नाही झालं, पावणेआठ झालं. एसजीपीटी अडतीस. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "खाली आलात," त्या म्हणाल्या. "आता तिथेच राहायचं." बाहेर आल्यावर सुलभानं कागद माझ्या हातातून घेतला, घडी करून पर्समध्ये ठेवला. फायलीत लावू दिला नाही.

हे सांगायला मी त्याच रविवारी जोह्याला गेलो. गणपती पंधरा दिवसांवर. वामन पाटावर पाय पसरून डोळे रेखत होता. त्याचे घोटे सुजलेले दिसले. मी वाकून अंगठ्यानं दाबलं. खळगा पडला आणि तसाच राहिला, ओल्या शाडूत राहतो तसा.

"बघ, कशी मऊ मळलीय," तो म्हणाला.

"वामन, किती दिवस आहे हे?"

"उभं राहून येतंय. सीझन हाय ना."

"सोनोग्राफी करू. मी येतो बरोबर."

"तुझं आकडं कमी झालं ते बस झालं की. मला कशाला रांगेत घालतोस?" मग माझं तोंड बघून म्हणाला, "बरं. विसर्जन झालं की."

अठरा वर्षं दर शनिवारी अर्धी बाटली माझ्यात गेली, अर्धी त्याच्यात. बुधवारी मी उभ्यानं घेत होतो, तो उरलेले दिवस बसून. मला कंपनीनं कागद दिला होता. त्याला कागद देणारं कोणी नाही.

विसर्जन झालं. मी नाव नोंदवलं. तो म्हणाला, देवीच्या मूर्ती हायत, दसरा होऊ दे. दसरा झाला. दुसऱ्यांदा नाव नोंदवलं, सोमवार सकाळचं. मी रजा टाकून दवाखान्याच्या पायरीवर दोन तास उभा होतो. फोन केला तर म्हणाला, "चहा पिऊन बसलो रे. उपाशी यायचं होतं ना?"

काल पुन्हा गेलो. माघी गणपतीचे साचे काढले होते. त्याच्या डोळ्यांचं पांढरं पिवळट वाटलं. खिडकीतून उजेड पिवळा येतो म्हणून तसं दिसलं असेल, असं स्वतःला सांगून पाहिलं. त्याला बाहेर अंगणात बोलावलं. तिथेही तसंच.

मी भांडलो नाही. वहीच्या पानावर गुरुवारची वेळ लिहिली आणि ते फाडून त्याच्या बायकोकडे दिलं. तिनं ते भिंतीवर, ऑर्डरींच्या यादीशेजारी लावलं. वामन बघत होता, काढ म्हणाला नाही.

माझ्या वहीत तीच ओळ तिसऱ्यांदा लिहिली आहे. वामन. सोनोग्राफी आणि रक्त. गुरुवार, सकाळी नऊ. उपाशी. सहाच्या एसटीनं जोह्याला जाऊन, चहा व्हायच्या आत घेऊन यायचं.

आज मंगळवार. पुढे टिक नाही.