पाहुण्यासाठी मोर्चा

आमच्या पनवेलच्या ख्रिस्ती मंडळीत पाप कशाला म्हणायचं याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. सिनेमा पाप, विडी पाप, शेजारच्यांनी प्रेमाने पाठवलेला गणपतीचा मोदक चाखणं तर महापाप. मी एकदा मोगऱ्याचा गजरा माळून उपासनेला गेले, तर मंडळीच्या खजिनदारांच्या बायकोने तो सगळ्यांदेखत काढायला लावला. नाकाने कांदे सोलण्यात आमचा हात धरणारं कुणी नव्हतं. राजकारण तेवढं पापात धरलेलं नव्हतं. ते प्रार्थनेत धरलेलं होतं.

देवळाला, म्हणजे आमच्या चर्चला, लागून मुलींची प्राथमिक शाळा होती आणि त्या शाळेत मी एकटी शिक्षिका. एका खोलीत चार इयत्ता. ख्रिस्ती मुली थोड्या, बाकी खाडीकाठच्या गावांतल्या आगऱ्यांच्या आणि कोळ्यांच्या. सरकारी शाळेत मास्तर, इथे बाई, म्हणून आया त्यांना बिनघोर पाठवत. शाळा चालायची अमेरिकेतल्या मिशनच्या पैशावर, आणि स्वातंत्र्यानंतर काही वर्षांत तो पैसा आटत चालला. शाळा बहुतेक बंद करावी लागेल, असं पाळकसाहेब दर रविवारी हळू आवाजात सांगू लागले. मला झोप लागेना.

खजिनदारांना मात्र नाडी सापडली होती. तिकडचे काही बडे कारखानदार म्हणे सकाळी नाश्त्याला जमतात, आधी प्रार्थना करतात आणि मग कुठल्या देशात कुणाला पैसा धाडायचा ते ठरवतात. आमच्या मुलींच्या पाढ्यांत त्यांना काडीचा रस नव्हता. त्यांना धास्ती होती लाल बावट्याची. जिथे लाल बावटा जास्त, तिथे देवाचं काम जास्त निकडीचं, असा त्यांचा हिशेब.

आता पनवेलला लाल बावटा होता, नाही असं नाही. जमिनीच्या हक्कासाठी, मिठागरातल्या मजुरीसाठी आगरी लोक मामलेदार कचेरीवर मोर्चे न्यायचे. पण आमच्या देवळाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. उलट मोर्चाचा पुढारी म्हणजे माझ्या चौथीतल्या सगळ्यात हुशार मुलीचा बाप. गाव त्याचं कळंबोलीच्या बाजूला. बाजाराला आला की शाळेच्या दारातूनच विचारायचा, "बाई, पोरगी वाचते ना नीट?"

नाश्तेवाल्यांपैकी एक साहेब पनवेलला येणार असं कळलं, तसे खजिनदार थेट या माणसाकडे गेले. एरवी ज्याच्या सावलीला उभे राहिले नसते, त्याच्या ओटीवर बसून त्यांनी चहा घेतला. म्हणाले, मोर्चा कचेरीवर जाणारच आहे, तर जाता जाता देवळाच्या गल्लीतून न्या. थोडा आवाज करा. पाहुण्याने झेंडे पाहिले की शाळेला पैसा येईल. पुढारी माझ्याकडे विचारायला आला. मला हे सोंग मुळीच पटलं नव्हतं, आणि तसं मी सांगितलंही. तो म्हणाला, "पोरीची चौथी व्हायची हाय, बाई. एक गल्ली जास्त चालू."

साहेब आले. देवळाच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून त्यांना शहाळं दिलं. ठरल्या वेळी गल्लीत घोषणा ऐकू आल्या आणि साहेबांचा हात शहाळ्यासकट थांबला. खजिनदारांनी चेहरा असा काही पाडला, की नाटक कंपनीत असते तर बक्षीस मिळालं असतं.

पण आगरी माणूस दारातल्या पाहुण्याला तोंडही न दाखवता कसा जाईल? पुढाऱ्याने मोर्चा थांबवला, घोषणा बंद केल्या, डोक्यावरची टोपी काढली आणि पायरीशी येऊन हात जोडले. "सायेब, आमच्या पोरी हितं शिकतात. बाई चांगल्या हायत. ही शाळा बंद करू नका."

साहेबांनी खजिनदारांकडे पाहिलं. खजिनदारांनी इंग्रजीत सांगितलं, तो म्हणतोय की शाळा आमच्या ताब्यात द्या, नाहीतर बंद पाडू.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इंग्रजी मलाही येत होतं. मिशनच्याच बोर्डिंगात शिकले होते मी. उठले आणि साहेबांना सरळ सांगितलं, हे साफ खोटं आहे, तो माणूस शाळा चालू ठेवा म्हणून विनवतोय. साहेबांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि खजिनदारांना विचारलं, "ही तुमचीच शिक्षिका ना? हिच्यापर्यंत पोचले ते?"

खजिनदार सुस्कारा सोडून म्हणाले, "आम्ही तिच्यासाठी रोज प्रार्थना करतो."

मग साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली. तो हात चांगला जड होता. आमेन झाल्यावर गल्लीतल्या मोर्चानेही आपलं काम झालं असेल म्हणून मुकाट्याने हात जोडले.

पैसा आला, भरपूर आला. पण साहेबांना दिसलं होतं की रोग शाळेतच शिरलाय. म्हणून शाळा बंद झाली, आणि पैशातून आली एक जीप, एक लाउडस्पीकर आणि देवळाभोवती भिंत. सिमेंटचं परमिट सत्तेतल्या पक्षाच्या उमेदवाराने मिळवून दिलं. पुढच्या रविवारी तो पहिल्या बाकावर बसला. मत कुणाला द्यायचं ते खजिनदारांनी प्रार्थनेतच सांगितलं, सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना, म्हणजे कुणाला मध्येच काही विचारायची सोय नाही. मी घरी बसून लोकांची झबली-टोपडी शिवू लागले.

वर्षभराने साहेब परत यायचे ठरले, या वेळी चार मित्रांना घेऊन. पुन्हा मोर्चा हवा होता. पुढारी खजिनदारांना दारात उभं करीना, म्हणून ते माझ्याकडे आले. तुम्ही शब्द टाका, शाळा पुन्हा उघडू म्हणाले. त्यांच्या शब्दावर माझा विश्वास नव्हता, पण शाळेचं नाव काढलं की माझे पाय आपोआप निघत. जीपमधून आम्ही मिठागरावर गेलो.

पुढारी गुडघाभर चिखलात बांध घालत होता. खजिनदारांनी बांधावरूनच सांगितलं, यंदा घोषणा जरा जोरात हव्यात.

तो काम न थांबवता म्हणाला, "गेल्या साली पोरीसाठी आलतो. आता कोनासाठी येऊ?"

खजिनदारांनी माझ्याकडे पाहिलं. त्याची मुलगी समोरूनच येत होती, डोक्यावर मिठाची टोपली, पाय उललेले. चौथीची परीक्षा तिची राहिली ती राहिलीच. मला पाहून ती थांबली, एक हात टोपलीवरून सोडवला आणि शाळेत मी शिकवला होता तसा, ताठ उभं राहून, सलाम केला.

खजिनदारांना वाटलं तो त्यांनाच आहे. त्यांनी हॅट उचलली.