आजोबांची चकती आणि आखाडातले वडे

तुमच्या आजोबांच्या कण्यातली एक चकती झिजली, आणि त्याबद्दल मी वड्यांना जबाबदार धरलं.

तसं डॉक्टर जपूनच बोलले होते. "चकतीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. शेजारच्या हाडांतून झिरपेल तेवढ्यावर ती जगते. कोलेस्टेरॉलनं त्या बारीक वाहिन्या चोंदल्या, तर चकतीची उपासमार होत असेल असं काहींना वाटतं. अजून पक्कं नाही. पण यांचं कोलेस्टेरॉल वाढलंय, तेव्हा तळलेलं कमी करा, रोज चाला. दिवाळीपर्यंत पाठ सुधारली तर खुशाल विमानानं नातवंडांकडे जा. नाहीतर एवढा वेळ बसणं जमायचं नाही."

ते "कमी करा" म्हणाले. भंडाऱ्याच्या रस्त्यांतून रिक्षा घरी पोचेपर्यंत मी त्याचं "बंद करा" केलं होतं. (माझी शिस्त तुमच्या आईला विचारा!)

"हे पाणी काहून वाढून राहिली मले?" पहिल्याच जेवणाला आजोबा म्हणाले.

"त्यात दुधी आहे. चकतीची उपासमार थांबवायची आहे ना?"

"अन माही कोण थांबवन?"

मी बधले नाही. तुम्हाला भेटायचं होतं! पण नेमका आखाड लागला. या महिन्यात आपल्या आळीत घरोघरी कढई चढते आणि तळलेल्याचं ताट शेजारी जातं. शेजारच्या मालाबाई पहिल्याच दिवशी दारात हजर.

"घ्या जी ताई, गरम वडे. भाऊजीले लय आवडतेत!"

नाही म्हणावं तर वर्षभराचा अबोला. आजोबांना द्यावं तर विमान हुकलं. आणि अन्न टाकणं मला या जन्मी जमायचं नाही. राहिला एकच मार्ग. आजोबा फिरायला गेले की मी स्वयंपाकघराचं दार लावून, उभ्या उभ्या, ते वडे संपवू लागले. (निव्वळ त्याग!) मालाबाईंना ताट रिकामं दिसल्यावर हुरूप आला. मग गुळाच्या पुऱ्या, म्हणजे तेलच्या आल्या, गुळगुळे आले, पुन्हा वडे आले, तेही दुप्पट!

"भाऊजी भलतेच खाऊन राहिले वाटते!"

"हो ना," मी ओठ पुसत म्हणाले.

एक दिवस आजोबा फिरून लवकर परतले. मी घाईनं वाकून ताट तांदळाच्या कोठीमागे सारायला गेले, आणि पाठीत कट्ट झालं! डोकं कोठीमागे, हात ताटाला, तोंडात वडा.

"काय शोधून राहिली वं?"

"काही नाही."

"मंग उठ ना!"

"उठता येत नाही!"

आजोबांनी आधी ताट काढून घेतलं, मग मालाबाईंना हाक मारली. दोघांनी धरून मला कसंबसं सरळ केलं.

"अगे माय! ताई, म्हणजे वडे तुम्हीच खाऊन राहिल्या होत्या?"

डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही तपासलं. आजोबांचं वजन उतरलेलं, कोलेस्टेरॉल उतरलेलं, पाठही बरीच मोकळी. माझ्या रक्ताचा रिपोर्ट पाहून मात्र त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"काका, तुम्ही खुशाल जा. काकू, तुम्ही एवढ्यात नको."

"माझ्याही चकतीची उपासमार झाली असेल का हो?" मी क्षीण आवाजात विचारलं.

"तुमच्या बाबतीत," डॉक्टर म्हणाले, "उपासमारीचा संशय घेता येत नाही."

तर बाळांनो, आजोबा एकटेच येताहेत. त्यांच्या वाटणीचे वडे मी इतक्या निष्ठेनं खाल्ले, की शेवटी त्यांची पाठदुखीही माझ्याच वाटणीला आली!