तळ्याच्या फेरीत मागून चालणारी

माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. लहानपणापासून हातात पाना, म्हणून सगळे त्याला पानाच म्हणतात. लग्नाच्या भानगडीत ना तो पडला ना मी. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच. मी शाळेचे गणवेश शिवते आणि त्याच्यावर ओरडते. दोन्ही कामं मला बरी जमतात.

त्यांच्या कामाचा एक नियम आहे. लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं तर आधी मेन स्विच बंद करून त्याला प्रत्येकाने आपापलं कुलूप घालायचं. किल्ली ज्याची त्याच्या खिशात. त्या दिवशी त्याचे जोडीदार मामा (ते कुणाचेच मामा नाहीत, नुसतं म्हणायला) कुलूप घरी विसरले. "असू द्या हो, माझ्या एका कुलपात दोघांचं भागवू," हा शहाणा म्हणाला. स्वतःचं काम उरकून हा वर आला. हाताला सवय. कुलूप काढलं, स्विच चालू केला. मामा अजून खालीच होते.

मामा वाचले, पण पाऊल लिफ्टखाली चेंगरलं. आणि आमचा पाना आतून पार मोडला. बंद जागेची अशी धास्ती बसली की न्हाणीघराचं दारसुद्धा लोटून घेईना. मामा फोन करून दमले, "अरे, मी जिवंत आहे, मग तू का मेल्यासारखा पडलायस?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज सकाळी तळ्याकाठी झाडांतून तासभर चालून या, मन हलकं होईल.

पहिल्या सकाळी तो निघाला तेव्हा टेबलावर मोबाइल, घड्याळ, घराची किल्ली, सगळं नीट ओळीने मांडलेलं दिसलं. या माणसाने आयुष्यात कधी मोजा जागेवर ठेवला नाही! हातातलं शिवण मी तिथेच टाकलं. अंगावर शिवणाचे दोरे, पायात घरातल्या चपला, तशीच जिने उतरले.

तो पुढे, मी पन्नास पावलं मागे. झाड आलं की झाडाआड. माझ्यासारखी जाडजूड बाई कुठल्या झाडामागे मावणार, पण भीतीपुढे कसली अक्कल? तळ्याच्या लांबच्या टोकाला कठडा तुटलाय आणि तिथे पाणी खोल आहे. नेमका तिथेच तो थांबला. पाय अगदी कडेला. मला हाक मारायची होती, पण मारली नाही. दचकला आणि तोल गेला तर? किती वेळ गेला कोण जाणे. मग तो वळला आणि चालू लागला, अख्खी फेरी मारून घरी आला.

त्यानंतर रोज तेच. तो पुढे, मी मागे. हळूहळू तो बदकांपाशी रेंगाळायला लागला. माळ्याला झाडांची नावं विचारायला लागला. एकदा लव्हाळ्यात कासव दिसलं म्हणून बराच वेळ उकिडवा बसून होता. घरी आला की पोटभर जेवायचा. लोक म्हणायचे, भावाचा रंग पालटला हो. मी हो म्हणायचे. पण तुटक्या कठड्याजवळ तो आला की माझा जीव रोज टांगणीला लागायचा. एकही दिवस चुकला नाही.

परवा मला तापाने उठवेना. डोळे उघडले तेव्हा तो गेलेला. नेहमीची परतायची वेळ टळली, वर अर्धा तास गेला. मग ताप गेला खड्ड्यात! मी धावत सुटले. कठड्याजवळ पोचेपर्यंत नको नको ते डोळ्यांपुढे आलं.

तो तिथेच, बाकावर बसलेला.

"आज उशीर केलास, ताई," तो म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. तुझ्या चपला अख्ख्या तळ्याला ऐकू येतात."

मी धपकन बाकावर बसले. इतके दिवस गिळलेलं शेवटी विचारलंच, "पहिल्या दिवशी इथे का थांबला होतास रे?"

"तुला वाटतंय त्यासाठीच. पण तू मागे होतीस. तुला पोहता येत नाही, आणि तू माझ्यामागे उडी मारणार हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून पुढे चालत राहिलो. रोज."

"आणि आज? आज तर मी नव्हते."

"हो ना. मागे वळून बघितलं तर कोणी नाही. फार घाबरलो, ताई. म्हटलं, आज पाय कडेला जातात की बाकाकडे, ते माझं मला कळेल."

"मग?"

"मग काय? बसलोय ना."

मी त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला, आणि त्याचा दंड धरून लहान पोरीसारखी रडले.