बांधावर न गेलेली सून

परवा फोनवर तुम्हा नातवंडांतल्या थोरल्याने सांगितले, की तुमच्या तिकडे परदेशात डॉक्टरच्या चुकीबद्दल किती भरपाई द्यावी याला कायद्यानेच मर्यादा घातली आहे आणि त्यावरून वाद चालू आहेत. मी नुसते ऐकून घेतले. मला कडेगावच्या आमच्या घरमालकांची सून आठवत होती. फोनवर सांगण्यासारखे ते नव्हते, म्हणून लिहिते.

सत्तरच्या दशकात तुमच्या आजोबांची बदली कडेगावला झाली. एका निवृत्त सुभेदारांच्या घरात आम्ही दोन खोल्या घेतल्या. सगळे त्यांना आबा म्हणत. मुलगाही फौजेत. घरी अंथरुणाला खिळलेली त्यांची बायको, माण तालुक्यातून आलेली सून आणि लहानगी नात. सून उजाडायच्या आत विळा घेऊन मागच्या दाराने मळ्यात जाई, वैरण कापी, उसाला पाणी देई आणि गाव जागे होईपर्यंत परत येऊन म्हशींची धार काढी. सुभेदाराच्या घरची बाई बांधावर दिसू नये, असा त्यांचा रिवाज. कुणाला दिसलीच, तर तो दुसरीकडे बघे. पण उसाच्या पात्यांनी चिरलेले तिचे हात मी रोज बघत होते.

सांगलीत एका खाजगी दवाखान्यात तिच्या पोटाचे ऑपरेशन झाले आणि आत कापसाचा बोळा राहिला. ताप हटेना, डॉक्टर मात्र उतरेल, उतरेल म्हणत राहिले. दुसऱ्या दवाखान्यात पोट पुन्हा उघडले तेव्हा बोळा सापडला, पण फार उशीर झाला होता. ती गेली.

आबांच्या मुलाने डॉक्टरांवर दावा लावला. त्याला पलटणीत परतायचे होते आणि आजारी आईच्या भरवशावर पोर ठेवता येत नव्हती. भरपाई मिळाली तर तिला साताऱ्याला वसतिगृहात घालून शिकवायचे. नाहीतर माणला मामाकडे. तिथे दुष्काळ, मेंढरे आणि लांबची शाळा.

कागद इंग्रजीत, ते वाचून सांगायला आमच्या वकिलांकडे मीही जात असे. कायदा इंग्रजांच्या वेळचा होता. मेलेल्या बाईने काय सोसले, मागच्यांना काय दुःख झाले, हे त्यात धरत नव्हते. तिच्या जाण्याने घराचे काय उत्पन्न बुडाले, तेवढेच धरायचे. ती जगून कायमची अधू झाली असती तर जास्त मिळाले असते, असे वकील सहज बोलून गेले. मग त्यांनी आबांना बजावले, की सून मळ्यात राबत होती, दूधदुभते तिच्या हातचे होते, एवढे फक्त सांगा.

कोर्टात मुलाची साक्ष झाली, पण तो वर्षातून एकदा रजेवर येणारा. माझीही झाली, पण सासऱ्यापेक्षा भाडेकरणीला जास्त ठाऊक का, असे मला विचारण्यात आले. मग आबा उभे राहिले. डॉक्टरांच्या वकिलांनी विचारले, सून शेतात जात होती का?

“आमच्या घरच्या बाया उंबऱ्याभाईर पाऊल टाकत न्हाईत.”

“म्हणजे तिची कमाई काही नव्हती.”

“तिला कमवायची काय गरज? आमी काय मेलो हुतो व्हय?”

मागे दोघे-तिघे हसले. वकील समाधानाने खाली बसले. नात माझ्या मांडीवर झोपली होती.

बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, “आबा, तुमी तर रोज बघत हुता.”

“बघत हुतो. पन चार मानसांत तिला मजूर म्हनू व्हय रं?”

निकाल आमच्या बाजूने लागला. चूक डॉक्टरांचीच, असे कोर्टाने स्पष्ट लिहिले. पण घरच्या उत्पन्नाचे नुकसान सिद्ध झाले नाही, असेही लिहिले. नावापुरते जे हाती पडले ते कोर्टाच्या खर्चातच संपले. डॉक्टरांचा दवाखाना पहिल्यासारखा चालू होता. त्या रस्त्याने आमची एसटी जाई तेव्हा मुलगा दुसऱ्या बाजूला तोंड करून बसे.

रजा संपायच्या आधी त्याने पोरीला माणला पोचवायचे ठरवले. तिचे दोन झगे मी पिशवीत घातले. आबा मागच्या दाराकडे गेले, सुनेचा विळा घेऊन आले, फडक्यात गुंडाळून त्यांनी तो झग्यांच्या खाली सारला.

“ह्यो कशाला, आबा?” पोरीने विचारले.

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “लागंल.”